वसईच्या किल्ल्यात येणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र: ते देऊळ चालू आहे

नमस्कार मंडळी,

हे पत्र वसईच्या किल्ल्यात येणाऱ्या सगळ्यांना आहे. रविवारी सकाळी सॅक लावून येणाऱ्या गडप्रेमी पोरांना, लग्नाआधीचं फोटोशूट करायला येणाऱ्या जोडप्यांना आणि त्यांच्या फोटोग्राफरला, लेक्चर बुडवून येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींना, ड्रोनवाल्यांना, आणि कुणाचा तरी स्टेटस बघून "चल ना, मस्त लोकेशन आहे" म्हणून वसई रोडला उतरणाऱ्यांना पण. कुणाला ओरडायला लिहीत नाहीये, खरंच. तुम्ही येता ते मला आवडतं. मी लहान असताना तिथं दुपारी बारा वाजता पण जायला भीती वाटायची एवढं रान होतं, त्यापेक्षा माणसं आलेली कधीही बरी.

पण गेल्या थंडीत एक प्रसंग झाला, तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे, आज एकदाचं लिहून टाकते.

मी संध्याकाळी चारच्या सुमारास संत गोन्सालो गार्सियाच्या देवळाकडे गेले होते मेणबत्ती लावायला. (आम्ही वसईचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो, आजी म्हणायची, तिची आजी म्हणायची, म्हणून पुढे पण देऊळच लिहिणार आहे.) दार बंद होतं म्हणून पायरीवरच वाकून लावत होते, वारा खाडीकडून येत होता, तीन काड्या विझल्या. मागून आवाज आला, "काकू, जरा बाजूला व्हाल का, फ्रेममध्ये येताय." मी झाले बाजूला. नवरामुलगा मात्र चांगला होता, त्याला बिचाऱ्याला वाईट वाटलं, तो पुढे आला आणि म्हणाला, "सॉरी काकू, आम्हाला माहीत नव्हतं. हे चर्च चालू आहे का अजून?"

मी म्हटलं, "हो, चालू आहे."

आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याला सांगितलं रायगडावर आज पण दरबार भरतो. त्याचं काही चुकलं नाही. बाहेर बोर्डावर किल्ला बांधला कधी, जिंकला कुणी, एवढंच असतं. आतमध्ये माणसं अजून गुडघे टेकतात हे बोर्डावर नसतं. म्हणून मीच सांगते.

ते देऊळ मुळात जेझुइट नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाचं. गुजरातच्या बहादूरशाहने २३ डिसेंबर १५३४ ला तह करून वसई पोर्तुगीजांना दिली, त्यानंतर दोनेक वर्षांत किल्ल्याचं काम सुरू झालं आणि मग भिंतींच्या आत एक आख्खं शहरच उभं राहिलं. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन, अशा प्रत्येक संघाचं आपापलं देऊळ आणि मठ. संत फ्रान्सिस झेवियर स्वतः १५४० च्या दशकात वसईत येऊन गेले. त्याच दशकाच्या शेवटी जेझुइटांचं काम इथं सुरू झालं, देवळाला जोडून शाळा होती, आणि त्या शाळेत एक वसईचा पोरगा शिकायचा.

हा पोरगा म्हणजे गोन्सालो. जन्म साधारण १५५६-५७ चा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. म्हणजे घरात बाप एक भाषा बोलणार, आई दुसरी, बाजारात तिसरी, शाळेत लॅटिन. मला नेहमी वाटतं पुढचं सगळं त्याच्या या कानांमुळे घडलं. पंधराएक वर्षांचा असताना तो फादर सेबास्तियांव गोन्साल्विस यांच्याबरोबर जपानला गेला, तिथं जपानी इतकं छान शिकला की लोकांना धर्मशिक्षण देण्याचं काम आठ वर्षं केलं. त्याला जेझुइट व्हायचं होतं, ते काही झालं नाही. मग व्यापार केला, चांगला जम बसवला, पण मन रमलं नाही म्हणून सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन मठात ब्रदर झाला. फादर म्हणजे धर्मगुरू नाही, ब्रदर, म्हणजे मठातला साधा व्रती. १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता हे जपानच्या सत्ताधीशाकडे, म्हणजे हिदेयोशीकडे वकील म्हणून गेले तेव्हा दुभाषी कोण, तर आमचा वसईचा गोन्सालो. थोडी वर्षं बरी गेली. मग हिदेयोशीचं मन फिरलं, धरपकड झाली, एकेकाचा डावा कान कापला, भर थंडीत क्योटोहून नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाकाच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवलं. त्यात गोन्सालो होता, चाळिशीचा. १८६२ मध्ये रोममध्ये त्या सगळ्यांना संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेला पहिला संत तो, दुसरं नाव यायला २००८ उजाडावं लागलं, केरळच्या सिस्टर अल्फोन्सांचं. नागासाकीत त्या टेकडीवर १९६२ मध्ये २६ जणांच्या ब्राँझच्या मूर्तींचं स्मारक केलंय, म्हणजे आपल्या वसईचा माणूस तिथं रांगेत उभा आहे आणि इथं आपल्यातल्या कितीतरी लोकांना त्याचं नाव पण माहीत नसतं.

तर तुम्ही ज्या दर्शनी भिंतीसमोर फोटो काढता ती या पोराच्या शाळेच्या देवळाची भिंत आहे. त्या आवारात तो खेळला असणार, मार खाल्ला असणार. हे माहीत असलं की फोटो पण वेगळा येतो, बघा तुम्ही.

आता जो प्रश्न कुणीतरी विचारणारच तो मीच घेते, कारण दर वेळी किल्ल्याचे फोटो टाकले की खाली येतोच. "पोर्तुगीजांनी अत्याचार केले, देवळं पाडली, बाटवाबाटवी केली, त्यांची चर्च कशाला जपायची?" हो, केलं. मी नाकारत नाही आणि माझ्या ओळखीतला कुठलाही शिकलेला वसईकर ख्रिस्ती नाकारत नाही. हिंदूंची देवळं पाडली, सणवार बंद केले, इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची भीती होती, लोक गावं सोडून गेले. हे आमच्याच पूर्वजांबरोबर झालं ना, दुसऱ्या कुणाबरोबर नाही. ज्यांच्यावर ते झालं त्यांचीच आम्ही नातवंडं-पतवंडं.

पण ख्रिस्ती लोक वसईत पोर्तुगीजांनीच आणले असंही नाही. १३२१ मध्ये, म्हणजे वास्को द गामा कालिकतला यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधूंना मारलं होतं, आणि त्यांचा सोबती जॉर्डानस याने त्यांना सोपाऱ्यात आणून पुरलं. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. तिथं तेव्हा आधीपासून ख्रिस्ती देऊळ होतं. नालासोपाऱ्याच्या गर्दीत लोकलमधून उतरताना मला हे आठवतं कधीकधी.

आणि दुसरं असं की दगड कुणी घडवले? लिस्बनहून गवंडी बोटी भरून आले नव्हते. इथल्या खाणीचा दगड, इथलेच हात. वसईचा दगड इतका नावाजलेला होता की तो बोटीत घालून गोव्याला जायचा, जुन्या गोव्यात बॉम जीझसच्या देवळात जाल तेव्हा दर्शनी बाजूचा काळा कोरीव दगड नीट बघा, तो इथून गेलेला आहे. पैसा त्यांचा, नकाशा त्यांचा, पण छिन्नी आपली. मग ते "त्यांचं" कसं आणि "आपलं" नाही कसं, मला समजत नाही.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली. मोठी लढाई, सुरुंग लावून सेबास्तियांव बुरूज फोडला, हजारोंनी माणसं पडली. आम्हाला शाळेत शिकवलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता आणि अजून येतो, मी ख्रिस्ती आहे म्हणून काटा कमी येत नाही. पण त्या तहात काय होतं ते पण वाचा. हरलेल्या सैन्याला शस्त्रं घेऊन मानाने जाऊ दिलं, शहर रिकामं करायला आठवडा दिला, आणि जे ख्रिस्ती इथं राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक दिली. चिमाजी अप्पांनी हे लिहून दिलं. मग पोर्तुगीज बोटीत बसून गेले, श्रीमंत घराणी गेली, युरोपियन पाद्री गेले. राहिले कोण? शेतकरी, कोळी, माळी, भंडारी. त्यांना कुणी धरून ठेवलं नव्हतं, धर्म सोडला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं, उलट सोयीचंच झालं असतं. तरी ते राहिले आणि ख्रिस्तीच राहिले, मराठ्यांच्या राज्यात, मराठी बोलत. पोर्तुगीजांचं राज्य इथं २०५ वर्षं होतं. ते गेल्याला आता २८५ च्या वर झाली. म्हणजे त्यांच्याशिवाय आम्ही जास्त वर्षं काढली आहेत. या हिशोबाकडे कुणी बघतच नाही.

घंटांची गोष्ट तर सगळ्यांना माहीतच असेल. वसईच्या विजयानंतर इथल्या देवळांच्या घंटा महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर आहे ती, जिच्यावरून मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण "नारोशंकराची घंटा" म्हणतो. भीमाशंकरला आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर आहे, ती मी बघून आले. १७०७ साल कोरलंय तिच्यावर, आणि बाळ घेतलेल्या मरियेचं चित्र उठावात आहे. मी हात लावला तर ती गार होती, घाटावर एक बाई धुणं धूत होती, तिने विचारलं कुठून आलात, म्हटलं वसईहून, तर म्हणाली "मग तुमचीच की ही." एवढं सहज. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मला ती घंटा परत नकोय. ती शंकराच्या देवळात वाजते, लोक तिला हात जोडतात, मरियेचं चित्र कुणी घासून काढलं नाही तीनशे वर्षांत. मेणवलीच्या लोकांनी जे केलं तेवढंच आपण वसईत करावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

कारण आपण काय करतो ते पण सांगते. त्याच दिवशीचं.

मेणबत्ती लावून मी निघाले आणि जाता जाता फ्रान्सिस्कनांच्या देवळात, म्हणजे संत अँथनीच्या पडक्या देवळात डोकावले. तुम्ही बघितलं असेल, छप्पर नाही, उंच कमानी उभ्या आहेत, फोटो सगळ्यात भारी तिथंच येतात. खाली फरशी दिसते ती फरशी नाही. त्या कबरी आहेत. एकाला एक लागून, सगळा मजला कबरींचाच, प्रत्येकावर अक्षरं कोरलेली, काहींवर घराण्याचं चिन्ह. तिथं कुणीतरी नुकताच रंगीत धुराचा डबा पेटवला होता, तो जांभळा धूर सोडायचा असतो ना फोटोत, तो. डबा बरोब्बर एका दगडाच्या मध्यावर ठेवला होता. डबा तिथंच, जळून काळा झालेला, आणि दगडावर ताटाएवढा जांभळा डाग, आणि जांभळी पूड अक्षरांच्या खाचांमध्ये बसलेली.

मी बाटलीतलं पाणी ओतलं आणि ओढणीने पुसायला बसले. पूड ओली झाल्यावर खाचांतून ओघळायला लागली आणि एकेक अक्षर वर आलं. यू च्या जागी व्ही कोरलाय, जुनी पद्धत. मला पोर्तुगीज येत नाही पण या दगडांवरचे चार-पाच शब्द येतात, आमच्या धर्मग्रामातल्या एका म्हाताऱ्या फादरांनी शिकवलेत, कारण बहुतेक दगडांवर तेच ते वाक्य असतं. "एस्ता सेपुल्तुरा", ही कबर. मग नाव. त्या दगडावरचं नाव झिजून गेलंय, चालून चालून सपाट झालंय, नुसता एक पी आणि शेवटी एक ए कळतो. आणि मग शेवटची ओळ, ती एकदम ठसठशीत राहिलीय: "ए दे सेउस एर्देइरोस." आणि त्याच्या वारसांची.

ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची.

म्हणजे त्या माणसाने जागा घेतानाच गृहीत धरलं होतं की माझी मुलं, नातवंडं इथंच येणार, याच दगडाखाली, हा दगड पुन्हा पुन्हा उघडणार. आणि मग १७३९ उजाडलं आणि वारस निघून गेले. दगडावर अजून लिहिलंय वारसांची. मी तिथं ओढणी पिळत बसले होते आणि डोक्यात एकच, आता याचे वारस कोण? रक्ताने मी नाही, आमचं घर शेतकऱ्याचं, आमच्या पूर्वजांना किल्ल्याच्या आत कबर मिळायचा प्रश्नच नव्हता, ते गावात मातीत गेले. पण पुसायला कोण बसलंय, तर मी. मेण घेऊन कोण येतं, तर किल्लाबंदरच्या कोळणी. दर रविवारी पिंपळाची रोपटी काढायला कोण येतं, तर ज्यांची आडनावं चिमाजी अप्पांच्या फौजेत सापडतील ती पोरं.

त्या पोरांबद्दल थोडं लिहायलाच हवं. हातमोजे घालून, खुरपी घेऊन, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून येतात, कचरा गोळा करून नेतात, जिजाऊंचं नाव घेऊन काम सुरू करतात आणि देवळाच्या भिंतीला हात लावायच्या आधी चपला काढतात. मी बघितलंय हे, डोळ्यांनी. तुम्हाला मनापासून नमस्कार. एकच विनंती तुम्हाला: भिंतीतलं मोठं झाड उपटायला जाऊ नका. बारीक रोप मुळासकट निघतं ते ठीक, पण मनगटाएवढं झालेलं पिंपळ-वडाचं मूळ आत दोन दगडांच्या मधल्या चुन्यात हात-हातभर गेलेलं असतं, ते ओढलं की चुना सुटतो, आणि झाडाने वीस वर्षांत जे केलं नसतं ते पाच मिनिटांत होतं. असं झाड जमिनीलगत, भिंतीलगत कापायचं आणि मुळाचं काय करायचं ते पुरातत्त्वच्या जाणकार माणसाला विचारूनच. आणि कुणी भल्या मनाने सिमेंटची पिशवी घेऊन येत असेल भेगा भरायला तर त्याला थांबवा प्लीज. जुन्या भिंती चुन्याच्या आहेत, चुना ओल घेतो आणि सोडतो, सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं, समुद्राची खारी हवा त्यात, मग दगडच आतून भुगा होऊन सुटायला लागतो.

बाकीच्यांना काय सांगू. चावीने, खिळ्याने नाव कोरू नका, आता हे पण सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. किल्ला राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे, १९५८ चा कायदा आहे, नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मला तुम्हाला कायद्याने घाबरवायचं नाहीये, कायदा बघायला संध्याकाळी सहा वाजता तिथं कोण असतं. दारूच्या बाटल्या फोडू नका, किल्लाबंदर आणि पाचूबंदरची मुलं अनवाणी त्याच वाटेने खेळायला येतात. फोटो काढा हो, खुशाल काढा, नटून या, कमानीत उभे राहा, ती जागा सुंदर आहे आणि लग्न हीच तर आनंदाची गोष्ट, देवळात लग्नंच लागायची ना शेवटी. फक्त कबरीवर डबे पेटवू नका, वेदी जिथं होती तिथं चढून बसू नका (ती जागा ओळखायला सोपी आहे, दारातून आत शिरलात की समोर टोकाला, जिथं सगळ्या कमानी बघतात), आणि कुणी मेणबत्ती लावत असेल तर त्याला दोन मिनिटं फ्रेममध्ये राहू द्या.

लहानपणी आजीबरोबर मी सणाला किल्ल्यात जायचे. आजी लाल लुगडं नेसायची, गळ्यात पोत, हातात पितळी डबा. आमच्या गावापासून बैलगाडीने जायचो असं ती तिच्या लहानपणचं सांगायची, माझ्या वेळी एसटी आली होती. ती सांगायची की देवळाला छप्पर नव्हतं तेव्हा पण लोक यायचे, नवस फेडायला यायचे, वर आभाळ आणि खाली गवत, गवतात साप असायचे म्हणून पुरुष पुढे काठ्या आपटत चालायचे आणि मागून बाया जपमाळ म्हणत. फादर नसला तरी यायचे. आता गोन्सालोच्या देवळाला छप्पर आहे, रोज मिस्सा, म्हणजे आमची देवळातली सामुदायिक उपासना, होत नाही, पण सणाला होते आणि मराठीत होते. साठच्या दशकात रोमने परवानगी दिली आणि लॅटिन जाऊन आपापल्या भाषेत प्रार्थना सुरू झाली, तेव्हा वसईने एका झटक्यात मराठी धरली. त्यामुळे जेव्हा कुणी विचारतं "तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी एवढं चांगलं कसं बोलता," तेव्हा मला काय उत्तर द्यावं ते कळत नाही. आमच्या वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आमचा देव आमच्याशी मराठीतच बोलतो.

सणाच्या दिवशी एकदा या. कॅमेरा घेऊन या, चालेल. सकाळी लवकर आलात तर किल्लाबंदरच्या रस्त्याला बोंबील वाळत घातलेले दिसतील, वास येईल, नाक धरू नका, त्याच्यावर घरं चालतात. बँडवाले पांढऱ्या शर्टात कमानीखाली वाट बघत उभे असतात. आतमध्ये म्हाताऱ्या पुढे बसतात, पोरं मागे उभी, आणि मिस्सा सुरू झाली की गाण्याचा आवाज छपराला लागून परत खाली येतो तेव्हा बाहेर महादेवाच्या देवळातली घंटा पण कधीकधी ऐकू येते. दोन्ही आवाज एकदम. मला ते फार आवडतं, कुणाला त्रास झालेला मी कधी बघितला नाही. मिस्सा संपल्यावर लोक घरी जात नाहीत लगेच, आवारात सतरंज्या घालतात, डबे उघडतात. अनोळखी माणूस दिसला तर त्याला बोलावतातच, बोलावल्यावर नाही म्हणू नका.

आणि तो नवरामुलगा, जर हे वाचत असेल तर. तुमचं लग्न झालं असेल आता. तुम्ही चांगले वागलात, विचारलंत, म्हणून तर हे पत्र लिहिलं गेलं. तो जांभळा डबा तुमचा नव्हता असं मी धरून चालते. डाग बराचसा गेलाय, पावसाने उरलेला पण जाईल असं वाटतं, अक्षरांच्या खाचेत मात्र थोडा राहिलाय, शेवटच्या ओळीत. बायकोला घेऊन परत कधी आलात तर संत अँथनीच्या देवळात शिरल्यावर डाव्या हाताला तिसऱ्या रांगेत बघा, पाण्याची बाटली आणि एखादं जुनं मऊ फडकं असू द्या बरोबर. ब्रश नको, दगड झिजतो.

तुमची,
किल्ल्याच्या पलीकडच्या गावातली एक वसईकर